एकोणनव्वदच्या चोवीस पायऱ्या

आठ आठ एक तीन दोन, मग तीन शून्यं, मग दोन तीन एक आठ आठ. तेरा अंकांचा हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी मी बिनचूक सांगेन. वास्तविक गणिताचं आणि माझं कधीच पटलं नाही. मॅट्रिकला मी गणितात काठावर सुटले, आणि नवऱ्याचा फोन नंबर मला आजही वहीत बघून सांगावा लागतो. पण हा आकडा गेली कितीतरी वर्षं डोक्यात ठाण मांडून बसलाय, आणि तो आला की ज्यानं दिला तो माणूसही मागोमाग येतो. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. उदगीरकडचे मन्मथप्पा. सगळं ऑफिस त्यांना नुसतं अप्पा म्हणायचं.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झाला होता. मी नांदेडची. नवरा नांदेडला, मुलगी सासूबाईंकडे आणि मी बदलीवर लातुरात, त्यामुळे मी त्या काळात सगळ्या जगावर चिडलेली असे. आमचं ऑफिस विहिरींच्या नोंदी ठेवायचं. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला होता, पाट्या मिळाल्या होत्या, पण जागा मिळाली नव्हती. आम्हाला बंद पडलेल्या एका तेलघाण्याचं गोदाम दिलं होतं. भिंतींना पेंडीचा वास होता आणि तो घरी गेल्यावर माझ्या साडीलाही यायचा. त्यात पावसानं दडी मारलेली. टँकरची मागणी रोज वाढत होती आणि कोणत्या गावात किती विहिरी, किती खोल, हे सांगणारी रजिस्टरं मात्र पोत्यांत बांधून जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं येत होती. भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटतात, तशा विहिरी वाटणं चाललं होतं.

ती रजिस्टरं नव्यानं उतरवून काढायचं काम अप्पांना आणि मला लावून दिलं. अप्पांनी वाचायचं, मी लिहायचं. पहिल्याच दिवशी मी एक पान भराभर लिहून काढलं आणि दुसरं उलटायला गेले, तर अप्पांनी पानावर हात ठेवला.

"बाई, आता शेवटून वाचा."

"म्हणजे?"

"शेवटचा अंक आधी. मग त्याच्या आधीचा. असं पार पहिल्या अंकापोतर या."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण अप्पा गंमत करणाऱ्यातले नव्हते. मी उलटं वाचत गेले आणि ते डोळे मिटून, ओठ हलवत, ऐकत राहिले. पान संपल्यावर म्हणाले, "सरळ वाचलं की डोळा आपल्या मनातलं वाचतो. उलटं वाचलं की त्याला कागदावरचंच वाचावं लागतं." एवढं बोलून दुसरं पान काढलं. दिवसाला चाळीस पानं व्हायची तिथं आमची वीस व्हायला लागली. साहेब दोनदा कुरकुरले. अप्पांनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशीही मला उलटंच वाचायला लावलं.

साहेब कुरकुरायचं आणखी एक कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात या सगळ्या नोंदींची मराठी नक्कल झालेली होती. त्या नकलेवरून उतरवलं असतं तरी चाललं असतं. पण पोत्यांच्या तळाशी निजामाच्या वेळची मूळ उर्दू बाडंही आली होती, आणि मराठी नकलेतला आकडा मी लिहिला की अप्पा तोच उर्दू बाडात शोधून, बोट ठेवून, ताडून बघायचे. त्यांची पहिली दोन वर्षं उर्दू शाळेत गेलेली. मग पोलीस ॲक्शन झाली आणि फळ्यावर मराठी आलं. "माझी उर्दू दोन यत्तांची हाय," ते सांगायचे. एकदा त्यांनी मला उर्दू ओळ कशी वाचायची ते दाखवलं. अक्षरं उजवीकडून डावीकडं, पण त्याच ओळीतले आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं.

"एका ओळीत डोळा दोनदा वळायला लागतो, बाई," ते म्हणाले. "माणूस थकला की वळत न्हाई."

अप्पांच्या सवयींवर ऑफिसात बरीच करमणूक चालायची. ते घरून ज्या वाटेनं यायचे त्याच वाटेनं परत जायचे. वाटेत एक लिंब होता. येताना तो डाव्या हाताला राहिला असेल तर जाताना तो उजव्या हातालाच राहायला हवा. एकदा गंजगोलाईच्या बाजारात कसलीशी मिरवणूक होती म्हणून त्यांना दुसऱ्या रस्त्यानं यावं लागलं, तर संध्याकाळी मिरवणूक पांगून तास झाला तरी ते त्याच लांबच्या रस्त्यानं वळसा घालून घरी गेले. भाकरीसुद्धा दोन्ही कडांनी खात मध्यावर यायचे. मी हसले तर म्हणाले, "हसा. तुमची भाकरी एकीकडूनच संपते, मग उरल्याचं टोक कुठलं हे तुमाला तरी ठाऊक हाय का?"

आणि आकड्यांचा तो खेळ. हातात कुठलाही आकडा आला की अप्पा तो उलटा करून त्याच्यात मिळवायचे. एसटीच्या तिकिटावर सत्तावन्न आलं. सत्तावन्नाचा उलटा पंच्याहत्तर, बेरीज एकशे बत्तीस. एकशे बत्तीसचा उलटा दोनशे एकतीस, बेरीज तीनशे त्रेसष्ट. तीनशे त्रेसष्ट कुठूनही वाचा, तीनशे त्रेसष्टच. मग अप्पा पेन्सिल खाली ठेवून हळूच म्हणायचे, "आला घरी." किती वेळा बेरीज लागली ती त्यांची पायऱ्यांची मोजणी. माझं वय विचारलं. मी एकोणतीस सांगितलं. एकोणतीस आणि ब्याण्णव, एकशे एकवीस. "तुमी एका पायरीत घरी, बाई." मला त्या दिवशी घरची इतकी आठवण येत होती की मी उठून पाणी प्यायला गेले.

गफूरचाचा आमचे शिपाई. ते जुन्या ऑफिसातून अप्पांच्या सोबतच आलेले. त्यांच्या सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला होता, एकशे शहाण्णव नंबरचा. त्यांनी कौतुकानं अप्पांना तो नंबर दिला. अप्पांनी बेरजा मांडायला सुरुवात केली. आठ दिवस झाले, पाठकोरे कागद संपले, मग रद्दीतली एक वही भरली. चहा आणला की गफूरचाचा डोकवायचे.

"अप्पा, मेरी सायकल घर कू आयी क्या?"

"न्हाई चाचा. अजून चालूच हाय."

पहिले काही दिवस सगळे हसले. मग वही संपली आणि दुसरी सुरू झाली, आकडे पानाच्या कडेला जाऊन खालच्या ओळीवर उतरायला लागले, तेव्हा हसणं थांबलं. अप्पा शांतपणे म्हणाले, काही आकडे असे असतात, घरी येतच नाहीत. आता येणार नाहीत की कधीच येणार नाहीत, हेही सांगता येत नाही. चालत राहतात एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी गफूरचाचा सायकल ढकलत आले. आठवडाभरात त्यांनी बिल्ला बदलून घेतला. काय सांगून बदलला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मला त्या खेळाची चटक लागली हे कबूल केलं पाहिजे. खोलीवर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एका रविवारी मी ठरवलं की दहापासून नव्याण्णवपर्यंत सगळे आकडे घरी आणायचे. ते भराभर आले. एका पायरीत, दोन पायऱ्यांत. एकोणऐंशीला सहा लागल्या तेव्हा मला दम लागला. आणि एकोणनव्वदवर गाडी अडली. दहा पायऱ्या झाल्या, बारा झाल्या, आकडा आठ अंकी झाला आणि माझी कुठेतरी हातच्याची चूक झाली. सोमवारी मी तो कागद अप्पांपुढं टाकला. "अप्पा, हा तुमचा एकोणनव्वद काही घरी येत नाही. हासुद्धा चाचांच्या सायकलीच्या जातीतला दिसतोय."

अप्पांनी कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं. टोपी काढून मांडीवर ठेवली. इतक्या महिन्यांत मी त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदा पाहत होते.

"तो आकडा कुणी दिला तुमाला?"

"कुणी म्हणजे? अठ्ठ्याऐंशीनंतर येतो तो."

"व्हय," ते म्हणाले. "येतो खरा." आणि टोपी पुन्हा चढवून कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक घडी केलेला कागद होता. त्यावर एकाखाली एक चोवीस बेरजा, खाडाखोड न करता. एकशे सत्त्याऐंशी, नऊशे अडुसष्ट, एक हजार आठशे सदतीस, असं वाढत वाढत शेवटी खाली तो तेरा अंकांचा आकडा. आठ लाख एक्क्याऐंशी हजार तीनशे वीस कोटी, तेवीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. शंभराच्या आतले बाकी सगळे आकडे फार तर सहा पायऱ्यांत घरी येतात, हा आणि ह्याचा उलटा अठ्ठ्याण्णव तेवढे चोवीस घेतात, असं अप्पांनी सांगितलं. पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत प्रत्येक बेरजेला अकरानं भाग जातो. शेवटच्या आकड्यातले अंक मिळवले तर चव्वेचाळीस होतात, आणि त्या आकड्याला चव्वेचाळीसनंच भाग जातो. उरत काही नाही. हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं असा झाला होता.

"मधी तीन शून्यं हायत, बघा. त्यातल्या मधल्या शून्यात उभं राहायचं. म्होरं बघितलं तर शून्य, दोन, तीन, एक, आठ, आठ. मागं बघितलं तर शून्य, दोन, तीन, एक, आठ, आठ. कुठून आलो, कुठं चाललो, काय कळत न्हाई."

"तुम्ही उभे राहिलात कशाला तिथं?" मी थट्टेनं विचारलं.

"अकरा वर्षं झाली," अप्पा म्हणाले.

मला भीती वाटली. दुपारी बाराचं ऊन गोदामाच्या पत्र्यावर तापत होतं, बाहेर टँकर भरायला उभे होते, आणि मला समोरच्या मवाळ माणसाची भीती वाटली. मी कागद पर्समध्ये टाकला आणि कामाला लागले.

पुढच्या पंधरवड्यात विहिरी प्रत्यक्ष मोजायचा हुकूम आला. जीपमध्ये अप्पा पुढं, मी आणि गफूरचाचा मागं. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. एसटी थांबते तिथंच रस्त्याला लागून ती विहीर होती. चौकोनी, दगडी बांधणीची, तळापर्यंत कोरडी. गफूरचाचांनी वजन बांधून टेप सोडला. अप्पा एरवी टेप दोनदा वाचायचे, उतरताना आणि वर घेताना. त्या दिवशी ते जीपजवळच थांबले. "बाई, तुमीच वाचा," म्हणाले. मी वाचलं. अठ्ठ्याण्णव फूट. डायरीत लिहिलं आणि आता उलटं वाचायला सांगतील म्हणून थांबले. अप्पांनी सांगितलं नाही.

विहिरीशेजारच्या घरातून एक बाई आली. चाळिशीची असेल, हाताला अंबाडीचे धागे चिकटलेले. दोर वळता वळता उठून आली होती.

"किती फूट भरली?" तिनं मला नाही, अप्पांना विचारलं.

अप्पा जीपच्या चाकाकडं बघत होते.

"दर वक्ताला इचारते, अप्पा. तुमी मोजून जातासा, सांगून जात न्हाई. किती भरली? आन् मग दोर कामून कमी पडला?"

ड्रायव्हर जीप चालू करत म्हणाला, "येडी हाय. चला."

"येडी न्हाई," अप्पा म्हणाले. आणि जीपमध्ये बसले.

परतताना गफूरचाचांनी मला हळू आवाजात सांगितलं. तिचं नाव कोंडाबाई. तिचा नवरा दोर वळणारा. बहात्तरच्या दुष्काळी कामात ती विहीर खोल करायला घेतली होती, आणि माणसं उतरवायचा दोर ऑफिसनं रजिस्टरातली खोली बघून कापून पाठवला होता. तो नऊ फूट कमी पडला. तालुक्याला परत कोण पाठवणार, म्हणून त्यानंच आपल्याजवळचा तुकडा जोडला आणि पहिला तोच उतरला. वर येताना जोड सुटला. चौकशी झाली. मयतानं बांधलेली गाठ कच्ची होती, असं लिहून कागद बंद झाला आणि विहीर खोल करायचं कामही तिथंच राहिलं. तिला काहीच मिळालं नाही. "औरत बोलती, उसकी गाठ कभी छुटतीच नै थी," चाचा म्हणाले. पुढच्या सीटवर अप्पांची मान जराही हलली नाही.

त्या गावाचं पान आमच्यापुढं यायला आणखी महिना गेला. अप्पा मराठी नकलेतून वाचत होते. गाव, सर्व्हे नंबर, बांधणी दगडी, खोली. खोलीपाशी त्यांचा आवाज थांबला. मी वाकून बघितलं. मराठी नकलेत सुबक अक्षरात लिहिलं होतं, एकोणनव्वद.

"अप्पा, ही तर आपण मोजली. अठ्ठ्याण्णव आहे."

त्यांनी उर्दू बाड पुढं ओढलं, न शोधता बरोबर ते पान उघडलं आणि बोट ठेवलं. एव्हाना मला उर्दू अंक येत होते. डावीकडं नऊ, उजवीकडं आठ. मी पुन्हा मराठी नकलेकडं बघितलं आणि मग त्या सुबक अक्षराकडं. ते अक्षर मी रोज बघत होते.

"म्या लिवलं," अप्पा म्हणाले. "एका दिवसात दीडशे विहिरी उतरवल्या होत्या. अक्षरं उजवीकडून वाचत आलो आन् आकडाबी तसाच वाचला. डोळा वळला न्हाई. मागनं सगळं बाड तपासलं, दुसरी चूक न्हाई. एकच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दोर कमी पडल्याचं ऑफिसात आलं त्याच दिवशी. बाड उघडलं, बघितलं, मिटलं. चौकशीवाल्यांनी नक्कल बघितली, बाड कुणी मागितलं न्हाई. कुणाला उर्दू येत हुती?"

अप्पाच बोलत राहिले. त्या दिवसापासून त्यांना आकडा दिसला की तो उलटा करून बघितल्याशिवाय राहवत नसे. जो आकडा दोन्हीकडून सारखा असतो त्याच्यात चूक होऊच शकत नाही, थकलेला माणूसही तो चुकवू शकत नाही, म्हणून त्यांना तसे आकडे हवे असत. आणि मग एकोणनव्वदचं बघितलं. चोवीस पायऱ्या. मग अठ्ठ्याण्णवचं. त्यालाही चोवीस, आणि शेवटी तोच आकडा.

"दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात, बाई. म्या चुकीचं लिवलं तरी तिथंच, बरोबर लिवलं असतं तरी तिथंच. शेकडो येळा करून बघितलं."

"कशासाठी? पहिलीच बेरीज दोघांची एक आहे. पुढं वेगळं काय येणार?"

"कळतंय की," अप्पा म्हणाले. "तरी वाटतं, एखाद्या येळेस येगळा येईल."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझ्या बाबतीत रागच आधी बाहेर पडतो. "अप्पा, त्या बाईला तुमचे तेरा अंक काय करायचेत? तिला दोनच पाहिजेत," मी म्हटलं. "आणि ते तुमच्याकडं आहेत."

माझं हे बोलणं योग्य होतं की नाही ते मला आजही ठरवता येत नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्याला शाळेतल्या मुलासारखं झापलं. अप्पांनी वही मिटली आणि दोन्ही तळहात तिच्यावर ठेवले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी जबाब दिला. दोन पानं, दोन्ही आकडे अक्षरी. साहेबांनी वाचला, घाम पुसला आणि म्हणाले, ही बाब जुन्या जिल्ह्याच्या काळातली, तिकडं पाठवा. कागद तिकडं गेला. महिन्यानं शेरा घेऊन आला की सदर गाव आता आपल्या जिल्ह्यात असल्यानं कार्यवाही आपल्या स्तरावर व्हावी. साहेबांनी अप्पांना आत बोलावून दार लावून समजावलं. नोकरीची काही वर्षं राहिलीत, मुलीचं लग्न व्हायचंय, गप बसा. अप्पा बाहेर आले. दोन जिल्ह्यांचे शिक्के लागलेला तो कागद त्यांनी मला दाखवला. "गेला आन् आला," म्हणाले, आणि ते हसत होते.

त्याच सुमाराला माझी नांदेडची ऑर्डर आली. मी पेढे वाटले. अप्पांनी पेढा कपाळाला लावून कागदात बांधून ठेवला आणि विचारलं, "बाई, जाताना निलंग्याकडून जाल का?"

"अप्पा, नांदेड कुठं आणि निलंगा कुठं! एकदम उलटी वाट."

"टेप तुमी वाचला हुता," ते म्हणाले. "तुमी असलं पाहिजे."

सामान मी आधीच एका नातेवाइकाच्या ट्रकनं पुढं पाठवलं होतं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. ती गाडी हद्दीपर्यंत जाऊन तासाभरानं परत फिरायची, तिनंच मला लातूर गाठून पुढची गाडी धरायची होती. वाटेत अप्पांनी एकाही आकड्याची बेरीज केली नाही. तिकीट न बघता खिशात टाकलं.

गाव दुष्काळानं निम्मं रिकामं झालं होतं. माणसं हैदराबादकडं कामाला गेलेली. कुलपं लावलेली, कुत्री आत जाऊ नयेत म्हणून दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. भर दुपार असून कुठं भांड्याचाही आवाज नव्हता. कोंडाबाई दारात दोर वळत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

"किती भरली?"

अप्पांनी टोपी काढली. "अठ्ठ्याण्णव फूट. म्या एकोणनव्वद लिवलं हुतं. उर्दूतला आकडा उलटा वाचला. दोर त्या हिशेबानं कापला, म्हणून नऊ फूट कमी पडला."

तिचे हात चालू होते. "परत सांगा."

अप्पांनी परत सांगितलं. शब्दाला शब्द. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि म्हटलं, "मी मोजली, बाई. अठ्ठ्याण्णवच."

"म्हंजी दोर पुरता असता तर गाठ मारायचीच न्हवती."

"न्हवती," अप्पा म्हणाले.

आता तिचे हात थांबले. ती रडेल, ओरडेल, दगड उचलेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिनं दगड उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या पोराला गाव गाठसुट्याचा म्हणतंय. साळंत म्हणलं, लग्नात म्हणलं. ह्याच नावानं घर सोडून गेलं ते." ती उठली, लुगड्याला हात पुसले. "चला."

"कुठं?" मी विचारलं.

"घरोघर."

ती पुढं, अप्पा मागं. पहिल्या घरात एक म्हातारा होता. अप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं, कोंडाबाईकडं बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या घरात दोन बायका होत्या. त्यांनाही सांगितलं. तिसऱ्या घराला कुलूप होतं आणि दाराला काट्या. मी पुढं निघाले, पण कोंडाबाई तिथंच थांबली.

"सांगा," ती अप्पांना म्हणाली.

"अहो, इथं कुणी नाहीये," मी म्हटलं.

"माणसं येतील तवा येतील," ती म्हणाली. "घराला तर कळू द्या."

अप्पा त्या दारापुढं उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. गाव, विहीर, दोन्ही आकडे, स्वतःचं नाव, बापाचं नाव. तेवढ्याच आवाजात, एकही शब्द न गाळता. कोंडाबाई शेजारी उभी राहून ऐकत होती. सांगून झालं तेव्हा ती थोडा वेळ दाराकडं बघत राहिली, आतून कुणी काही म्हणतंय का याची वाट बघत असल्यासारखी, आणि मग पुढच्या घराकडं वळली. तिथंही कुलूप होतं.

एसटी परत आली. मी अप्पांना हाक मारली. त्यांनी मागं वळून नुसता हात वर केला, जा म्हणून. मी चढले. गाडी गावाच्या कडेनं वळसा घेऊन जाते, त्यामुळे ती अख्खी आळी खिडकीतून दिसते. दोन्ही बाजूंना बंद दारं, काट्या, वर पांढरं आभाळ. शेवटाकडच्या एका घराचं छप्परसुद्धा खचलेलं होतं. कोंडाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. अप्पा हातात टोपी घेऊन तिच्या मागून आले, कुलपासमोर थांबले, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.